आमगावपर्यंत हात

कोळसा खालून पेटवायचा नसतो, वरून पेटवायचा असतो. हे मी आजवर शंभरेक लोकांना सांगितलं असेल आणि त्यातले नव्वद तरी हसले असतील. हसोत बापडे. त्यांच्या शेगड्या पेटायला किती वेळ लागतो आणि घरातली माणसं डोळे चोळत कशी बाहेर पळतात, ते मी पाहिलेलं आहे.

मला हे शिकवलं आमच्या शेजाऱ्याने. कारखान्याच्या क्वार्टरांची आमची सगळी लाइन त्यांना मिस्त्री म्हणायची. नावाने कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. भिलाईचा कारखाना तेव्हा उभा होत होता. जिकडे बघावं तिकडे खोदलेला लाल मुरूम आणि लोखंडाचे सांगाडे. मिस्त्री भट्ट्यांच्या आतून आगविटा, म्हणजे आगीत न वितळणाऱ्या विटा, बसवायचे. भंडाऱ्याकडच्या तलावांच्या मुलखातले, जातीने ढिवर, म्हणजे मासेमारी करणारे. वय चाळिशीचं, अंग काटक, आणि भुवया अर्ध्या जळलेल्या. भुवया कुठे गेल्या असं कोणी विचारलं की म्हणायचे, "आगीले जवळून पाहाले गेलो होतो, तिथं राहिल्या."

आम्हीही भंडाऱ्याकडचेच, पण शेतीवाले. मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची, सातवी पास. आमचे हे टाइम ऑफिसात कारकून होते. आमची आणि मिस्त्रींची एक भिंत सामाईक आणि मागच्या अंगणात कमरेएवढं कुंपण. त्या कुंपणापलीकडे उभा होता तो ड्रम.

लोक त्यांना वेडा म्हणायचे ते या ड्रमपायी. रिकामा तेलाचा ड्रम त्यांनी भंगारातून रीतसर पावती करून आणला होता. डांबराचा फुकट मिळत होता, तो नाही घेतला. म्हणाले, "डांबर मरते, पण त्याचा वास मरत नाही." आणलेल्या ड्रममध्ये तीन दिवस तणस, म्हणजे धानाचा पेंढा, जाळलं, मग विटेचा चुरा आणि राख घेऊन तो आतून असा घासला, की मिस्त्रीणबाई म्हणाल्या, माझं एकही भांडं या माणसाने जन्मात असं घासलं नाही. खाली चार भोकं पाडली. प्रत्येक भोकाला चिंधी आणि चिखलाचा बोळा. वर झाकण, झाकणाला एक भोक, त्यावर आगविटेचा तुकडा. आत तळाशी कोळशाची पत्र्याची टोपली आणि वर तारेच्या दोन जाळ्या. त्या जाळ्यांवर हळद-मीठ लावलेला मासा ठेवायचा आणि सकाळपासून दुपारपर्यंत धुरावर शिजवायचा. आगीवर नाही हं, धुरावर. हा फरक चुकला की मिस्त्री माणसाकडे बघणं सोडून द्यायचे.

आता गंमत बघा. कोळशाच्या गावात राहायचो आम्ही. घरोघरी दगडी कोळशाच्या शेगड्या. मिस्त्री मात्र सायकलवर गोणी टाकून कुठल्या कुठल्या खेड्यातून बाभळीचा लाकडी कोळसा आणायचे. आमच्या यांनी एकदा टोकलं, की कोळशाच्या ढिगावर बसून कोळसा शोधणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय. मिस्त्री शांतपणे म्हणाले, दगडी कोळसा लोखंडासाठी असतो, आणि मी लोखंड खात नाही.

पेटवायची रीत अशी. टोपलीत काळे कोळसे रचायचे आणि मधे वरच्या बाजूला वाटीएवढा खळगा ठेवायचा. वेगळ्या शेगडीत गोवरीवर सात-आठ कोळसे फुलवून घ्यायचे आणि चिमट्याने त्या खळग्यात ठेवायचे. बस. रॉकेल नाही, फुंकणी नाही, पंखा तर नाहीच. आग वरून एकेक कोळसा धरत खाली उतरते आणि सहा-सहा तास पुरते. खालून पेटवलेली आग एकदम वर धावते आणि मग तिला कोणाचा बाप आवरू शकत नाही. नंतर जांभळाचे ओले ढलपे टाकायचे. आधी पांढरा धूर निघतो, तो जाऊ द्यायचा. धूर निळसर, पातळ झाला की मग मासा ठेवायचा. "आग हवा खाते," मिस्त्री म्हणायचे. "जेवढं वाढाल तेवढं खाते. आपण वाढपी आहोत, वहिनी. मालक नाही."

पण खरी वेडाची गोष्ट पुढेच आहे. आच किती आहे हे बघायला ते झाकणावरची वीट सरकवायचे, भोकावर चार बोटं अंतर ठेवून तळहात धरायचे आणि एका चालीत म्हणायचे, "दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड, दरेकसा, सालेकसा, आमगाव, गोंदिया." त्यांच्या गावाकडे जाणाऱ्या गाडीची स्टेशनं. डोंगरगडलाच हात काढावा लागला तर आच जास्त, खालचं एक भोक बोळा लावून बंद करायचं. गोंदियापर्यंत हात टिकला तर आच कमी, एक बोळा काढायचा. हात आमगावला काढावासा वाटला पाहिजे. आमगाव म्हणजे बरोबर. मोठमोठ्या भट्ट्यांना ताप मोजायची यंत्रं होती, ती मिस्त्रींना वाचता येत होती. घरी मात्र आमगाव.

कामावरही असेच. नवी भट्टी बांधली की तिला लगेच तापवत नाहीत, कित्येक दिवस हळूहळू शेक देऊन वाळवतात. कोणा नव्या इंजिनियरने एकदा जरा घाई करू म्हटलं, तर मिस्त्री विटांच्या थप्पीवर मांडी घालून बसले. म्हणाले, बाळंतिणीला कोणी पहिल्याच दिवशी शेतावर पाठवतं का? मग त्या इंजिनियरच्या साहेबानेच मिस्त्रींचं खरं केलं. हे मला यांनी सांगितलं, आणि सांगताना यांच्या तोंडावर जे कौतुक होतं ते माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, म्हणून पक्कं लक्षात आहे.

ड्रमशी माझी पहिली गाठ पडली ती माझ्या मूर्खपणामुळे. मिस्त्रीणबाई नळावर गेल्या होत्या, मिस्त्री ढलपे फोडायला पलीकडे. मी कुंपणाशी उभी. झाकणाच्या कडेने धूर जरा जोरात यायला लागला. मला वाटलं, आत फार तापलं. घरात दूध उतू जायला लागलं, भात करपायला लागला की आपण काय करतो? झाकण काढतो. मी कुंपण ओलांडून पदराने झाकण उचललं. भसकन ज्वाळा वर आली. झाकण उघडलं की आगीला हवा मिळते, हे मला कुठे माहीत? वरच्या जाळीवरचे सगळे रोहू काळेठिक्कर. मिस्त्री धावत आले, झाकण टाकलं, चारही भोकं बंद केली. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी नुसतं सांगितलं, की थंड कराचं असन तर बंद करा लागते, वहिनी. आणि दुपारी तो जळका मासा त्या घरातल्या चौघांनी, नवरा-बायकोने आणि दोन पोरींनी, निमूटपणे खाल्ला. त्यातला एक तुकडा मलाही दिला. वरची काजळी काढली तर आत तो इतका सुरेख होता, की मी बोटं चाटली.

त्या दिवसापासून मी रविवारी कुंपणाशी जायला लागले. बदल्यात त्यांची पत्रं लिहून द्यायचे. मिस्त्रींना वाचता जेमतेम यायचं, लिहिता सहीपुरतं. गावी म्हातारी आई होती. तिला दर महिन्याला पत्र जायचं आणि कोणीतरी तिला ते वाचून दाखवायचं.

आता जे सांगायला मला आवडत नाही ते सांगते. पाऊस संपता संपता लाइनीतल्या बाया माझ्याकडे आल्या. ड्रमविरुद्ध टाउनशिपच्या ऑफिसात अर्ज द्यायचा होता, आणि लाइनीत नीट लिहिता येणारी बाई मीच. मी लिहिला. हिंदीत, झोकात. ड्रमच्या धुराने मुलांना खोकला होतो, वाळत घातलेले कपडे काळे होतात, दुर्गंधीने अन्न जात नाही. दुर्गंधी लिहिताना पलीकडून मरळ धुरावर असल्याचा वास येत होता आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं होतं, हे देवाशपथ खरं आहे. मग का लिहिलं? नवी होते. चार बाया माझ्या खाटेवर बसून माझ्या अक्षराचं कौतुक करत होत्या. आणि एकीने हळूच म्हटलं होतं, की ढिवराच्या कुंपणाशी रोज रोज उभं राहणं बरं दिसत नाही. एवढ्यावर मी विकली गेले. खाली यांनी आणि आणखी सहा-सात जणांनी सह्या केल्या.

मिस्त्रींना ऑफिसात बोलावलं. त्याच संध्याकाळी ते पत्र लिहून घ्यायला आले आणि मला वाटलं, आता मिस्त्री विचारणार. पण ते नेहमीसारखे उंबऱ्याशी टेकून सांगत गेले. तब्येत बरी आहे. पोरी शाळेत जातात. आणि मग, "लिहा वहिनी, शेजार चांगला आहे. मले इथं कोणी काही म्हणत नाही." मी लिहिलं. एकही अक्षर वाकडं झालं नाही, याची मला अजून चीड येते. पुढच्या महिन्यातही तेच वाक्य, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच.

तिकडे नोटिसा येत होत्या. ड्रम काढा, नाहीतर क्वार्टर रद्द. मिस्त्री प्रत्येक नोटीस दाराजवळच्या खिळ्याला टोचून ठेवायचे आणि रविवारी कोळसा रचायचे. त्या घराला हे क्वार्टर म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. त्याआधी दोन वर्षं ते चौघं साइटवरच्या पत्र्याच्या झोपडीत राहिले होते, आणि धाकटी पोर तिथल्या उन्हाने मरता मरता वाचली होती. एकदा मिस्त्रीणबाई कुंपणाशी येऊन माझ्याजवळ रडल्या. "मी म्हटलं त्यायले, देऊन टाका तो ड्रम. तर म्हणते, आज ड्रम मांगून राहिले, उद्या ताटातला मासा मांगतीन, परवा म्हणतीन नाव बदलून राहा." हे ऐकवायला त्यांनी लाइनीतल्या सगळ्या बायांमधून मला निवडलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ऑफिसचे साहेब स्वतः आले. बरोबर एक बाबू, आणि पाण्याची बादली घेतलेला एक शिपाई. ड्रम सकाळपासून पेटलेला, आत मरळ. साहेबांनी सांगितलं, आग विझवा, ड्रम आत्ताच्या आत्ता उचलणार. सगळी लाइन जमली. मिस्त्रींनी वीट सरकवली, हात धरला आणि सगळ्यांसमोर स्टेशनं म्हणायला लागले. दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड. माणसं हसली. ते आमगावपर्यंत गेले, हात काढला आणि म्हणाले, अजून एक तास लागेल.

साहेबांनी शिपायाला खूण केली. मिस्त्री ड्रमच्या पुढे येऊन उभे राहिले. आवाज चढला नव्हता. "साहेब, ड्रम घेऊन जा. क्वार्टर घेऊन जा. पण अर्ध्यात झाकण उघडू देणार नाही. हा मासा एकदा मेला आहे. त्याले दुसऱ्यांदा वाया नाही जाऊ देणार."

शिपाई बादली घेऊन साहेबांकडे बघत उभा राहिला. मग साहेबांनी बाबूला अर्ज वाचायला लावला, लाइनीचंच म्हणणं आहे हे दाखवायला. आणि माझी वाक्यं माझ्या कानावर आली. मुलांना खोकला. कपड्यांना काजळी. दुर्गंधी. बाबू चांगला खणखणीत वाचत होता. मी दारात होते. मिस्त्रीणबाई धाकटीला पोटाशी धरून भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, काहीच नव्हतं. मला काय झालं कोण जाणे. मी पुढे झाले. हे मागून म्हणाले, आत हो. मी नाही झाले.

मी साहेबांना सांगितलं, हा अर्ज मी लिहिला आहे आणि तो खोटा आहे. लिहिलेल्या हिंदीचा झोक तोंडात नव्हता, मोडकंतोडकं बोलत होते, पण थांबत नव्हते. म्हटलं, या लाइनीत अठ्ठावीस शेगड्या आहेत, रोज दोन वेळा दगडी कोळशाच्या धुराने समोरचं माणूस दिसत नाही. माझे कपडे माझ्याच शेगडीने काळे होतात. हा ड्रम आठवड्यातून एकदा पेटतो आणि त्याचा धूर दिसतसुद्धा नाही. "आमाले धूर नको नव्हता, साहेब. आमाले शेजार नको होता." हे वाक्य मराठीतच निघालं. साहेबांना ते कळलं की नाही, देव जाणे. लाइनीला कळलं.

साहेब म्हणाले, सही तुमच्या पतीची आहे, क्वार्टर त्यांच्या नावावर आहे, तुमच्या बोलण्याला किंमत नाही. मी विचारलं, मग लिहिताना माझं अक्षर कसं चाललं? बाबू खाली बघून हसला. आणि मग आमचे हे, आयुष्यात कोणासमोर वर मान न केलेले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. अर्ज मागे घेतल्याचा कागद बाबूने लिहिला, यांनी सही केली. माझ्याकडे पाहिलं नाही. ती सही रागाने होती की लाजेने, ते मला चाळीस वर्षांच्या संसारात कळलं नाही.

निकाल लागला तो असा, की क्वार्टर राहील, पण ड्रम सरकारी आवारात नको, आजच बाहेर. या सगळ्या लिखापढीत तास केव्हाच निघून गेला होता. मिस्त्रींनी झाकण उघडलं. त्या वासाने लाइन दोन पावलं पुढे सरकली. त्यांनी साहेबांना विचारलं, घेता का? साहेबांनी नाही म्हटलं. शिपायाने मात्र बादली खाली ठेवून पळसाच्या पानात दोन तुकडे बांधून घेतले.

ड्रम निवला तसा मिस्त्रींनी तो आडवा केला आणि पायाने ढकलत नेला. मागच्या गल्लीने नाही. लाइनीच्या मधून, ऐन जेवणाच्या वेळी, प्रत्येक दारासमोरून, खडखड खडखड. पार रिसालीपर्यंत. रिसाली तेव्हा नुसतं खेडं होतं. तिथल्या तळ्याकाठच्या पडीत जागी त्यांनी तो उभा केला.

हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी विचारलं, रविवारी मासा आणणार का? म्हटलं, आणणार. रविवारी टोपलीत कोळसे घेऊन मी तळ्याकडे लाइनीच्या मधूनच गेले. बाया दारात उभ्या होत्या. कोणी काही म्हणालं नाही, आणि म्हणालं असतं तर ऐकून घेतलं असतं अशी मी त्या दिवशी नव्हते.

तळ्याकाठी मिस्त्रींनी कोळसे रचले. खळग्यात निखारे मला ठेवू दिले. पांढरा धूर गेला. मग वीट सरकवून म्हणाले, बघा, आच कितीची आहे. मी हात धरला. दुर्ग, राजनांदगाव. आच फार होती, डोंगरगडच्या आधीच हात काढायला हवा होता. तेवढ्यात मी विचारलं. विचारायचं म्हणून कधीचं मनात होतं. म्हटलं, मिस्त्रीभाऊ, त्या रविवारी तुम्हाला किती वाईट वाटलं असेल, अर्ज मी लिहिला म्हटल्यावर.

"त्या रविवारी कशाले?" ते म्हणाले. "ऑफिसात कागद दाखवला तवाच ओळखलं. तुमच्या ‘ह’ले शेपूट राहते, खारीवाणी."

मी हिशेब केला. ऑफिस, आणि त्याच संध्याकाळी उंबऱ्याशी टेकून, लिहा वहिनी, शेजार चांगला आहे. तीन महिने. "मग मलाच का लिहायला लावलं?" मी विचारलं.

"आईले चांगलंच लिहा लागते," ते म्हणाले. "आन् तुमीबी लिहून लिहून पाहाल, म्हटलं, कसं वाटते."

माझा हात भोकावर तसाच होता. दरेकसा गेलं, सालेकसा गेलं. डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं आणि ते धुरामुळे नव्हतं. मिस्त्रींनी माझं मनगट धरून हात ओढला. "काढा, वहिनी. गोंदिया मागं राहिलं."

तळहातावर मोठा फोड आला. आठ दिवस लेखणी धरता आली नाही. वेडा होता तो माणूस, असं अजूनही कोणी जुनं माणूस म्हणालं, की मी हा डाग दाखवते आणि विचारते, बोल, आता मी कोण?

नवव्या दिवशी मिस्त्री पत्र लिहून घ्यायला आले. तब्येत बरी आहे. पोरी शाळेत जातात. ड्रम आता तळ्यावर आहे, तिथं हवा चांगली लागते. एवढं सांगून ते थांबले. मी म्हटलं, शेजाराचं राहिलं.

"ते आता तुमी लिहा," ते म्हणाले.

मी लेखणी पुन्हा शाईत बुडवली. मग लिहिलं, शेजार सुधरून राहिला आहे. त्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं, कागदावरच्या ‘ह’च्या शेपटावर बोट ठेवून पाहिलं आणि म्हणाले, द्या पाठवून.